मामांचा क्लब आणि गवळ्याच्या म्हशी

सोलापुरात फुटबॉल आणला तो आमच्या मामांनी. फक्त चेंडू आणायचा तेवढा राहून गेला. त्या काळी आमच्या घरात भाकरी असली तर कोरड्यास नसायचं. मामा मिलमध्ये विणकर, मामी घरच्या मागावर लुगडी विणायची, आणि दोघांच्या घामावर मी कॉलेजात. सात पिढ्यांत पहिलाच, हे सांगायला मला लाज नाही. अशा ऐश्वर्यात मामांनी क्लब काढला.

मूळ दोष मिलमध्ये यंत्रं बसवायला आलेल्या स्विस फिटरचा. त्याच्या मोडक्या इंग्रजीचं मराठी मी करायचो. त्याच्या चिमुकल्या देशात म्हणे शिकायला आलेल्या इंग्रज पोरांनी चेंडू नेला. मग गावोगावच्या लोकांनी आधी अध्यक्ष निवडले, नियम लिहिले, सदऱ्यांचे रंग ठरवले आणि कुरणातल्या गाई हाकलून खेळ मांडला. मामांना हे वेदवाक्य. अकरा खेळाडूंत नऊ पदाधिकारी झाले. चेंडूचं विचारलं तर म्हणाले, "पयलं क्लब, मग चेंडू. तिकडं तसंच झालंय की!" सदऱ्यांपायी मागावरचं लाल काठाचं लुगडं गेलं. मामी कडाडली, "माझं लुगडं फाडून गोल हुतोय व्हय?" आमचं मैदान मोकळं होतं, ही मात्र मामांना मोठीच उणीव वाटली. त्यांनी गवळ्याच्या दोन म्हशी आणून सोडल्या. "गाई न्हाईत तर म्हशी. नियमात कुटं म्हशी नकोत म्हून लिवलंय?"

फिटरचा परतायचा दिवस ठरला तसा मामांचा जीव खाली-वर होऊ लागला. "त्यो तिकडं जाऊन काय सांगंल? सोलापुरात निस्तं अध्यक्ष निवडत्यात? एक तरी गोल झाला पायजे, पोरा."

मी कॉलेजातला चेंडू मागून आणला. मिलच्या कचेरीतल्या बाबूंशी सामना ठरला, पंच फिटर. आमचे काठाचे सदरे बघून बाबूंनी विचारलं, "हळदीकुंकू कुणाच्या घरी?" आणि आठ गोल चढवले. शेवटी मामांनी डोळे मिटून लाथ हाणली. बाबूंच्या गोलापुढे म्हैस रवंथ करत बसली होती; चेंडू तिला लागून आत गेला. बाबू भांडायला उठले. मामा शांतपणे म्हणाले, "जनावर हाकलून खेळायचं, हा नियमच हाय. तुमी का न्हाई हाकललं?"

मी भाषांतर केलं. फिटरने शिट्टी फुंकली, गोल दिला आणि खिशातली वही काढली. सोलापूरचं स्पेलिंग मी सांगितलं. मामा त्या वहीकडे बघत उभे होते. वाचता येत नव्हतं तरी.

क्लब तिथेच संपला. मी बी.ए. झालो. मामा आता नाहीत. त्यांच्या सदऱ्याचा काठ अजून तसाच लाल आहे. आम्ही आठ-एक असे हरलो. त्यातला एक मामांचा.