सात वावांचा दोर

"नांगर टाकायचा नाही म्हणता, मग बोट काय कडेवर घेऊन बसू?" वीस वर्षांपूर्वी एका बोटवाल्याने भर सभेत हा प्रश्न विचारला होता. बेटाच्या पूर्वेचा सगळा उथळ समुद्र तेव्हा नुकताच संरक्षित जाहीर झाला होता. कागद निघाले, पाट्या लागल्या, भाषणं झाली, पण बोट बांधायची कुठे हे काही कुणी सांगेना. सरकारी कामात असं व्हायचंच. त्या प्रश्नाला उत्तर दिलं ते दोरकाकांनी, आणि तेही तोंडाने नव्हे, हाताने.

तळाशी काँक्रीटचा ठोकळा, ठोकळ्यात लोखंडी कडी, कडीला दोर आणि दोराच्या वरच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा नारिंगी बोया. बोटीने यायचं, बोयाला बांधायचं, माणसांना पाण्यात उतरवायचं, परत घ्यायचं आणि सोडून निघायचं. नांगर खाली जाण्याची गरजच नाही. असे बेचाळीस बोये दोरकाकांनी त्या पाण्यात लावले आणि वीस वर्षं सांभाळले. त्यांचं खरं नाव कार्यालयाच्या हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच सुखाने पडून होतं. बेटावर त्यांना त्या नावाने कुणी हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं.

वाचणाऱ्याला वाटेल, दोर बांधण्यात कसलं आलंय कौतुक? मलाही तसंच वाटायचं. पण एकदा त्यांच्याबरोबर होडीतून जाऊन यावं. किनाऱ्याला खारफुटीची दाट झाडी, तिच्या मुळांत माशांची पिल्लं. तिथून पुढे समुद्री गवताचं कुरण, त्यात कासवं गाईच्या संथपणाने चरत असतात. कुरण संपलं की पाणी हिरव्याचं निळं होतं आणि बाग सुरू होते. बाग म्हणजे प्रवाळांची, पण बेटावर तिला कुणी प्रवाळ म्हणत नाही, बागच म्हणतात. दोरकाका काचेच्या तळाचा एक लाकडी डबा पाण्यावर टेकवायचे आणि म्हणायचे, "बघा आत. बोलू नका, नुसतं बघा." आत शिंगांसारख्या फांद्या, कोबीसारखे गड्डे, खाटेएवढे सपाट थर, त्यांच्या सावलीला जांभळे-पिवळे मासे. त्याच्या पलीकडे कडा तुटतो आणि तळ दिसेनासा होतो, तिथून मोठाल्या पाकट्या, म्हणजे रुंद चपटे मासे, पंख हलवत वर येतात. हे सगळं वर्षाला बोटाच्या पेराएवढं वाढतं. एका नांगराला ते मोडायला चहा प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागत नाही.

म्हणून दोराची लांबी हा त्या पाण्यातला सगळ्यांत नाजूक मामला. दोर जास्त झाला तर ओहोटीला त्याचा ढिला भाग तळावर फिरतो आणि झाडूसारखा बाग झाडून काढतो. कमी झाला तर मोठ्या उधाणाला बोया पाण्याखाली जातो, आणि न दिसणाऱ्या बोयाला बोट कोण बांधणार? वर्षातलं सर्वांत मोठं उधाण धरून, वर फूटभर ढील ठेवून दोर कापायचा असा दोरकाकांचा नियम होता. तो मोजायचा वावांनी. दोन्ही हात फैलावायचे, एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत दोर ताणायचा, तो झाला एक वाव. नोकरीला लागले तेव्हा कार्यालयाने त्यांचे हात मोजून घेतले होते, बरोबर सहा फूट. बागेची खोली आणि ढील मिळून सात वाव. तोंडाने "एक, दोन" म्हणायचे नाहीत, ओठ घट्ट मिटून मोजायचे, आणि त्या वेळी कुणी चहा विचारला तरी डोळे वटारायचे.

काका स्वभावाने गोड होते असं मी म्हणणार नाही. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. बोटवाल्याने बोयाला गाठ चुकीची मारली की त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे. सूनबाईने एकदा त्यांना फीत दिली होती, मोजायला. सूनबाई पाणबुडी, म्हणजे बुडी मारून पाण्याखाली काम करणारी. संरक्षित क्षेत्राच्या कार्यालयात कामाला होती, दोराचं तळाचं टोक कडीत गुंफायचं काम तिचं, आणि बागेतल्या प्रवाळांची दरसाल मोजणी करायचं कामही तिचं. बेटावरची पाण्याखाली जाणारी ती पहिलीच बाई. काकांनी फीत उलटसुलट करून पाहिली आणि परत केली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणाले. घरातही कुणी पुढे बोललं नाही, कारण वीस वर्षांत त्यांचा एकही दोर चुकला नव्हता, हे खरंच होतं.

मागच्या वर्षी धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून ते पडले. डावं कोपर मोडलं. महिनाभर हात गळ्यात, मग मालीश, मग व्यायाम. काकू विचारायच्या, "अहो, हात पुरता सरळ होतो ना?" काका म्हणायचे, "होतो की. तुझ्यासमोरच भात कालवतोय ना?" भात कालवायला हात सरळ लागत नाही, हे काकूंच्या लक्षात आलं असावं. पण त्यांनी तो विषय वाढवला नाही. बरे होऊन कामावर आल्यावर काकांनी पहिले दोर बदलले ते बागेतले, बेचाळिसांपैकी तिथे असलेल्या सातही बोयांचे.

दोन महिने सगळं ठीक होतं. मग ते वर्षातलं मोठं उधाण आलं. सकाळी पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं, आणि बागेवरचे सातही बोये दिसेनासे झाले. पाण्याखाली हातभर अंतरावर नारिंगी गोळे लटकत होते, पण वरून लाटांत ते कुणाला दिसणार? बाहेरून आलेल्या एका बोटीने दोन घिरट्या घातल्या, बोया सापडेना, म्हणून नांगर सोडला. सूनबाई ओरडत छोट्या होडीतून निघाली, पण ती पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. मग दुपारपर्यंत ती एकेका बोयाकडे बुडी मारत राहिली आणि प्रत्येकाला जादा दोर व रिकामा कॅन बांधून वर खूण आणत राहिली. काका होडीत उभे राहून येणाऱ्या बोटींना हात करून थोपवत होते. पाणी उतरल्यावर त्यांनी काचेचा डबा टेकवला. खाटेएवढा एक थर मधोमध दुभंगून पडला होता, आतला भाग हाडासारखा पांढरा दिसत होता. काका बराच वेळ डब्यात तोंड घालून बसले. तोंड वर काढलं तेव्हा चेहरा ओला होता, आणि डब्यात तर पाणी शिरत नाही.

संध्याकाळी कार्यालयाच्या मुख्य अधिकारी, मॅडम, धक्क्यावर आल्या. बाई शांत होत्या, आणि शांत माणूस चिडला की जास्त भीती वाटते. "सात बोये एकाच वेळी बुडतात म्हणजे हा योगायोग नाही," त्या म्हणाल्या. "मला दोन दिवसांत लेखी हवंय. ज्याची चूक असेल, त्याला यापुढे पाण्यातलं काम मिळणार नाही."

घरी जेवताना काकांचा राग उफाळून आला. पराभव झाला की माणूस आधी शेजारचं दार ठोठावतो. ते सुनेला म्हणाले, "वरचा दोर माझा आहे, त्यात चूक असायचं कारण नाही. तूच तळाला गुंफताना जास्त दोर खाल्ला असशील. दोनदा वळसा घेतलास का?"

काकू म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय!"

सूनबाईने पानातून मान वर केली नाही. "असेल बाबा," एवढंच म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. मुलगा बोटीवर दूरच्या फेरीला होता, नाहीतर घरात चांगलाच वाद पेटला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका दोरखोलीत गेले. सूनबाईने सात दोरांपैकी एक वर काढून तिथे ठेवला होता. काका तो घेऊन खाली बसले आणि आधी तळाचं टोक पाहिलं. चूक तिथेच मिळणार याची त्यांना खात्री होती. पण गुंफण इतकी नेटकी होती की त्यांना स्वतःला तरुणपणी तशी जमली नसती. एकच वळसा, शेवटचे धागे आत खोचलेले, जराही जास्त दोर खाल्लेला नाही. त्यांनीच तिला शिकवली होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, याच खोलीत, तिच्या बोटांना फोड येईपर्यंत.

मग दोर गेला कुठे? काका उठले. ओठ मिटले आणि वाव मोजायला लागले. सात भरले. बरोबर सात. पुन्हा मोजले, पुन्हा सात. तळाची गुंफण बरोबर, वाव बरोबर, आणि दोर मात्र कमी. पूर्वेच्या दारातून ऊन सरळ आत येत होतं. तिसऱ्यांदा हात फैलावले तेव्हा समोरच्या भिंतीवर त्यांची सावली पडली. उजवा हात ताठ होता. डावा मात्र कोपरात वाकलेला होता, आणि काकांना तर वाटत होतं की तो अगदी सरळ आहे. त्यांनी जोर लावला. सावलीतला हात जिथल्या तिथेच राहिला. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते समुद्राकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. काका भिंतीला पाठ लावून खाली बसले.

तेवढ्यात कार्यालयातला कारकून दारात आला. हा माणूस बातमी पोटात ठेवू शकला असता तर कधीच साहेब झाला असता. "काका, तुमच्या सुनेने लिहून दिलंय, तळाची गुंफण चुकली म्हणून. मॅडम आत्ता सहीच करतायत. तिची बुडी मारायची परवानगी रद्द, तिने पाच वर्षं केलेली प्रवाळांची मोजणीही दुसऱ्या कुणाकडे जाणार. वाईट वाटतं हो, बिचारीने..."

काका त्याचं पुढचं ऐकायला थांबले नाहीत.

कार्यालयात मॅडम टेबलाशी होत्या, समोर सूनबाई उभी होती, आणि परवान्यांसाठी आलेले चारपाच बोटवाले बाकावर बसले होते. त्यातले निम्मे तरी काकांच्या शिव्या खाल्लेले.

"मॅडम, सही करू नका," काका धापा टाकत म्हणाले. मग सुनेकडे वळले. "तुझ्याकडे ती फीत आहे ना? पाण्यात नेतेस ती?"

"बाबा, तुम्ही घरी जा," सूनबाई म्हणाली. "झालंय सगळं लिहून."

"तू दोर मोजलास. मोजलास ना? त्या दिवशीच मोजला असशील."

सूनबाईने हातातली पिशवी पाठीमागे घेतली. तिने पाण्याखालीच मोजला होता. उधाणाच्या त्या दुपारी, सातवा बोया मोजून होईपर्यंत तिला सगळं कळलं होतं, आणि रात्री जेवताना "असेल बाबा" म्हणताना तर पक्कं माहीत होतं. बेटावर सासऱ्याचा हात म्हणजे सहा फूट, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. तो हात खोटा ठरवण्यापेक्षा तिने स्वतःचं नाव पुढे केलं होतं. सासऱ्यासाठी समुद्र सोडायला निघालेली सून मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

"काढ फीत," काका म्हणाले.

आणि ते खोलीच्या मधोमध उभे राहिले, बोटवाल्यांच्या समोर, कारकुनाच्या समोर, आणि दोन्ही हात फैलावले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण दाखवणाऱ्याची छाती पुढे होती. बाकावर कुणी हसलं नाही. "मोजा," ते म्हणाले. सूनबाई जागची हलेना. तेव्हा मॅडम स्वतः उठल्या, तिच्या पिशवीतून फीत काढली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरली.

"पाच फूट आठ इंच," त्या हळूच म्हणाल्या.

"मोठ्याने म्हणा. वावाला चार इंच कमी. सात वावांचे अठ्ठावीस. तेवढाच दोर कमी आहे, आणि बागेतला तो थर माझ्या हाताने मोडलाय." काकांचे हात अजून वरच होते. "तिची गुंफण मी आज पाहिली. या बेटावर तशी कुणाची नाही. माझीही नव्हती. तिचं नाव खोडा आणि माझं लिहा. खरं नाव लिहा, हजेरीपुस्तकात आहे ते."

मॅडमनी कागद ओढून घेतला आणि लिहायला लागल्या. खोलीत नुसता पेनाचा आवाज होता. वाकलेला डावा हात तसाच धरून काका उभे, जणू त्यांना कुणी सुट्टीच दिली नव्हती. शेवटी सूनबाई पुढे आली, तिने तो हात कोपराखाली धरला आणि म्हणाली, "बाबा, हात खाली घ्या आता. लिहून झालंय."