शेळगावच्या गोठ्यात आलेली एजंट

माझं पुस्तक मी बोलून लिहिलं. जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी. घर बारामतीला लागून जळोचीत, आणि कामाची गावं इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या आजूबाजूला. दिवसातून सात-आठ गोठे व्हायचे. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाताना एखाद्या झाडाखाली स्कूटी लावायची, मोबाईल तोंडाजवळ धरायचा आणि नुकतंच जे घडलं ते सांगून टाकायचं. मोबाईल ते आपोआप टाईप करायचा. ‘गाय गाभण आहे’ म्हटलं की तो हमखास ‘काय कारण आहे’ असं लिहायचा. रविवारी मी बसून ते दुरुस्त करायची. असं करत दोन वर्षांत अडीचशे पानं झाली. गाई, म्हशी, त्यांना सांभाळणारी माणसं, आणि त्या माणसांना सांभाळणाऱ्या गाई.

मग प्रश्न आला, याचं करायचं काय? आपल्याकडे लेखक थेट प्रकाशकाला बाड पाठवतो. मीही तीन ठिकाणी पाठवलं. दोघांकडून काहीच आलं नाही. तिसऱ्यांनी लिहिलं, ‘लेखन प्रांजळ आहे, शुभेच्छा.’ ते पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात ‘हो’ कुठे आहे ते शोधत होते.

तेवढ्यात मिस्टरांना मोबाईलवर एक जाहिरात दिसली. ‘तुमचं पुस्तक जगभर पोचवू, आमचे एजंट तयार आहेत.’ फोन केला तर समोरचा माणूस इतका गोड बोलला की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. त्यानं एक पानही वाचलं नव्हतं, पण पुस्तक अप्रतिम आहे म्हणाला, आणि नोंदणीची फी आजच भरा म्हणाला. मिस्टर भरायच्या बेतात होते. माझे सासरे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ओट्यावर डाळिंबं निवडत बसले होते. तीस वर्षं त्यांनी मार्केटला डाळिंब घातलंय.

“कशाचा एजंट म्हणायचा ह्यो? इम्याचा का?” त्यांनी विचारलं.

“पुस्तकाचा, तात्या. आपलं पुस्तक तो प्रकाशकाकडं नेतो, बोलणी करतो.”

“म्हंजी अडत्या. मग त्यानं माल बगितला का?”

“नाही अजून.”

“माल न बगता आदी पैसं मागतो, त्यो अडत्या न्हाय. अडत्या माल इकल्यावर आपली अडत कापून घेतो. ठिव त्यो फोन.”

फोन ठेवला. पुढे मला कळलं की खरे साहित्यिक एजंटही असेच काम करतात. वाचायचे पैसे मागत नाहीत. पुस्तक विकलं गेलं तर लेखकाच्या मानधनातला ठरलेला हिस्सा घेतात. तात्यांना हे कुणी सांगायची गरज पडली नव्हती.

पण खरे एजंट सापडायचे कुठे? त्याचा माग मला बारामतीच्या वाचनालयात लागला. अनुवादित पुस्तकं चाळताना माझ्या लक्षात आलं की मागच्या किंवा पुढच्या पानावर लेखक आभार मानतात, आणि त्या आभारांत आईवडील, बायको, नवरा यांच्या जोडीला पुष्कळदा एजंटचं नाव असतं. मी वही घेऊन बसले. माझ्यासारखं साधं, माणसांचं आणि मातीचं लिहिलेली पुस्तकं निवडायची आणि त्यांचीच आभाराची पानं वाचायची. ग्रंथपाल बाई एकदा म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही पुस्तक मागूनच का उघडता?” महिनाभरात वहीत पाच नावं झाली. प्रत्येकाच्या वेबसाईटवर काय पाठवायचं ते लिहिलेलं होतं. एक पानाचं पत्र, पुस्तकाचा थोडक्यात सारांश आणि निवडक तीस पानं.

अडीचशे पानं लिहिताना झाला नाही एवढा त्रास त्या एका पानाच्या पत्रानं दिला. पहिला मसुदा मिस्टरांना दाखवला. ते वाचता वाचता हसायलाच लागले. मी लिहिलं होतं : ‘विषय : पुस्तक पाठविणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...’

“अगं, लसीचा साठा मागतेयस का तू?” ते म्हणाले.

अठरा वर्षांच्या सरकारी नोकरीनं हात तसाच वळत होता. मग ठरवलं, गोठ्यात बोलते तसं लिहायचं. ‘गेली अठरा वर्षं मी लोकांच्या गोठ्यात जाते. गाय आजारी असली की माणसं जे बोलतात ते एरवी कुणापाशी बोलत नाहीत. ते मी ऐकलं आणि लिहिलं.’ पुस्तक कशाबद्दल आहे, कोण वाचेल, मी कोण, एवढं लिहून संपवलं. नऊ दिवस लागले. पाचही जणांना वेगवेगळं पत्र पाठवलं. त्यांनी काम केलेलं कोणतं पुस्तक मला का आवडलं, तेही प्रत्येकाला खरं खरं लिहिलं.

एकीनं दुसऱ्याच दिवशी कळवलं की ती मराठी पुस्तकं घेत नाही. एकानं छान शब्दांत नाही म्हटलं. मग सगळं शांत. मी मेल बघणं सोडून दिलं, म्हणजे दिवसातून दोनदाच बघायला लागले.

सात आठवडे गेले. शेळगावात लाळ्या-खुरकुताचं लसीकरण चालू होतं. चार गाई सांभाळणाऱ्या एक आक्का आहेत, साठीच्या, एकट्यानं गोठा चालवणाऱ्या. त्यांच्या गोठ्यात माझ्या एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात गाईचा कान, आणि फोन वाजायला लागला. आक्कांनी माझ्या एप्रनच्या खिशातून तो काढून कानाशी लावला.

“कोन? व्हय, हितंच हायेत. लस टोचत्यात. तुमचं काय जनावर आजारी हाय का?”

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. आक्का माझ्याकडं वळल्या. “पुण्याच्या बाई हायेत. म्हनत्यात, उरल्याली पानं पायजेत.”

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि तिथंच गव्हाणीवर बसले. बाई माझ्या वहीतल्या पाच एजंटांपैकी एक निघाल्या. म्हणाल्या की त्या आजवर इंग्रजी पुस्तकांचंच काम करत आल्या, पण आता मराठीतून इतर भाषांत जाऊ शकतील अशी पुस्तकं शोधतायत. तीस पानं एका बैठकीत वाचली, बाकीची आज मिळतील का? मी “हो” म्हणाले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की धन्यवाद म्हणायचंच राहिलं.

दहा दिवसांनी त्यांचा करार आला. दोन पानी. मी तात्यांना वाचून दाखवला.

“दुसऱ्याकडं माल द्यायचा न्हाय असं हाय का त्यात?”

“ह्या पुस्तकापुरतं आहे. पटलं नाही तर नोटीस देऊन सोडता येतं.”

“मग बरं हाय. कर सई.”

करारापाठोपाठ आलं ते आठ पानांचं पत्र. माझ्या पुस्तकाबद्दल इतकं बारकाईनं कुणी लिहील असं मला वाटलं नव्हतं. कुठे मी घाई केली, कुठे एकच गोष्ट दोनदा सांगितली, सगळं होतं. आणि पहिल्याच पानावर होतं : ‘सुरुवातीची चौपन्न पानं काढावीत असं मला वाटतं. पुस्तक पंचावन्नाव्या पानावर सुरू होतं.’

ती चौपन्न पानं माझ्या माहेरची होती. कऱ्हाटीचं माझं लहानपण, वडलांची बैलजोडी, आईनं पाळलेल्या शेळ्या. मला फार लागलं. दोन आठवडे मी उत्तरच दिलं नाही. मनात भांडत होते. शहरातल्या बाईला शेळीतलं काय कळतंय! शेवटी त्यांचाच फोन आला. मी तुटक बोलले. त्या म्हणाल्या, “मी तिकडे आले तर चालेल? तुम्ही काम करताना मला बघायचंय.”

त्या बारामतीच्या विनाथांबा गाडीनं आल्या. पन्नाशीच्या, बारीक, सुती साडी, खांद्याला झोळी. मी स्टँडवर घ्यायला गेले, मनात राग होताच. चहा घेऊन स्कूटीवरून शेळगावकडं निघालो तोच आक्कांचा फोन, “डाक्टरीणबाई, गाय अडलीया. लवकर या.”

गोठ्यात पोचलो तर काळी-पांढरी गाय आडवी पडलेली, डोळे पांढरे केलेली. शेजारच्या शेतातला माणूस ट्रॅक्टर घेऊन डॉक्टरांना आणायला गेला होता, पण डॉक्टर दूरच्या गावी होते. मी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, साबणाचं पाणी घेतलं आणि तपासलं. वासराचं डोकं आणि एक पाय लागत होता. दुसरा पाय मागे दुमडलेला. वासराला जरा आत ढकलायचं, दुमडलेला पाय सरळ करून पुढे आणायचा, मग दोन्ही पायांना दोरी लावून गाईच्या कळेबरोबर ओढायचं. पाय आला. दोरी लावली. ओढायला आक्का एकट्या.

मी मागे न बघता ओरडले, “ताई, झोळी ठेवा आणि दोरी धरा!”

त्यांनी ‘कशी?’ असंही विचारलं नाही. पदर खोचला, चपला काढल्या आणि आक्कांच्या मागे उभ्या राहिल्या.

“कळ आली की वढायचं, गेली की थांबायचं. उगं झटका द्यायचा न्हाय,” आक्का त्यांना सांगत होत्या.

पाचव्या की सहाव्या कळेला वासरू सरसरत बाहेर आलं, दोर एकदम सैल पडला आणि आमच्या एजंटबाई मागच्या वैरणीच्या ढिगात बसल्या. मी वासराचं नाक-तोंड पुसलं, नाकात काडी घातली. ते शिंकलं. आक्कांनी शेपटी उचलून बघितली आणि आनंदानं ओरडल्या, “कालवड हाय!”

वैरणीत बसलेल्या बाई एकाच वेळी हसत आणि रडत होत्या. नंतर गोणपाटानं कालवड पुसायलाही त्या बसल्या. साडीचं काय झालं ते विचारू नका. आक्कांनी त्यांना स्वतःचं लुगडं नेसायला दिलं.

चहा घेताना त्या म्हणाल्या, “मघाशी तुम्ही आलात, हात धुतलेत आणि कामाला लागलात. आक्कांनी विचारलं का, तुम्ही कुठल्या, वडील काय करायचे? त्यांचा तुमच्यावर विश्वास बसला तो तुमचे हात बघून. वाचकाचाही तसाच बसेल.”

मी कपातला चहा संपवला. म्हणणं पटत होतं आणि पटल्याचा रागही येत होता. मग म्हणाले, “आईच्या शेळीचं बाळंतपण मी नऊ वर्षांची असताना पाहिलं. ती सहा पानं मी काढणार नाही. त्या दिवशीच मी ह्या कामाला लागले.”

त्यांनी झोळीतून बाड काढलं, ती पानं तिथंच पुन्हा वाचली. “बरोबर आहे तुमचं. मी चुकले. पण ती मध्ये घ्या, अडलेल्या म्हशीच्या प्रकरणानंतर.”

तसंच केलं, आणि ती पुस्तकातली सगळ्यांत चांगली पानं झाली. बाकीची अठ्ठेचाळीस मी स्वतःच्या हातानं काढली. आजही ती जपून ठेवलीत.

मग त्यांनी पुस्तक प्रकाशकांना पाठवलं. “नकार माझ्याकडे येऊ देत, तुम्ही पुढचं लिहा,” असं त्यांनी बजावलं होतं. चार नकार आले, ते मला बऱ्याच उशिरा कळले. पाचव्यांनी होकार दिला. त्यांच्या करारात अनुवादाचे आणि ऑडिओचे सगळे हक्क कायमचे त्यांच्याकडे जात होते. मी एकटी असते तर आनंदात डोळे मिटून सही केली असती. बाईंनी तीन आठवडे शांतपणे बोलणी करून ते हक्क माझ्याकडे ठेवले आणि कराराला मुदतही घालून घेतली. प्रकाशकांशी वाकडं न होता. उलट प्रकाशनाच्या दिवशी इंदापूरच्या शाळेच्या सभागृहात बाई आणि प्रकाशक शेजारी बसून आक्कांनी आणलेला खरवस खात होते.

त्या राखून ठेवलेल्या हक्कांचं मोल यंदा कळलं. बाईंनी पुस्तकाचा कानडी अनुवाद ठरवला. अनुवादक निवृत्त शिक्षक, बेळगावचे, मराठी उत्तम. परवा दुपारी त्यांचा फोन आला. फार संकोचून बोलत होते.

“मॅडम, एकशे बारा पानावर अडलोय. तुम्ही लिहिलंय, ‘दुसऱ्या दिवशीही गाईची वार पडली नाही.’ मी दोन दिवस विचार करतोय. हा वार म्हणजे सोमवार, मंगळवार यातला, की कुणी तिच्यावर वार केला?”

मी एका गोठ्याच्या दारात उभी होते. हसू आवरून त्यांना सांगितलं की व्यायल्यावर गाईच्या पोटातून जी झिल्ली बाहेर पडते, तिला वार म्हणतात. ती वेळेत पडली नाही तर आमची धावपळ. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“अच्छा,” ते म्हणाले. “बरं झालं विचारलं. मी मंगळवार लिहिला होता.”