ओइलानचा चंद्र

आमच्या गावात शाई उगाळायच्या सहाणा पुरुष कोरतात आणि बायका त्या घासून गुळगुळीत करतात. तळाला नाव मात्र कोरणाऱ्याचंच. शेजारची ओइलान लग्न होऊन आली तेव्हापासून घासते आहे. तिच्या बोटांवरचे ठसे कधीच झिजून गेले, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

बंद पडलेल्या खाणीतला एक जांभळट दगड तिच्या नवऱ्याने, पाकसिंगने, जपून ठेवला होता. गेल्या हिवाळ्यात त्याने त्यावर ढग कोरले. ढगांत एक हिरवा ठिपका होता. आम्ही त्याला डोळा म्हणतो. त्याचा पाकसिंगला पूर्ण चंद्र हवा होता. पण डोळा दगडात वाटाण्यासारखा पुरलेला असतो. घासत गेलं की वर्तुळ वाढतं, मध्य ओलांडला की आकसत जातं, आणि मग ते परत आणता येत नाही.

"चंद्र पुरता काढला, तर तळाला माझंही नाव," ओइलान म्हणाली.

"आणि घालवलास तर?"

"तर पुन्हा घासायला बसणार नाही. तुझे ढग तू घास."

मी पेजेचा वाडगा घेऊन त्यांच्या अंगणात बसलो होतो. ओइलान दगडावर पाणी सोडत कुरुंदाचा तुकडा फिरवू लागली. जरा वेळाने पाकसिंग ओरडला, "म्हातारे, बस्स! इतका पुरे!"

"इतका? हा चंद्र आहे की डास चावलाय?"

"मास्तर, सांगा हो हिला!"

"माझं ऐकायची ती शाळेतली पोरं," मी म्हणालो.

ओइलान डोळे मिटून घासत होती. दर थोड्या वेळाने बोट टेकवून पाही. पाकसिंग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग तिने तुकडा खाली ठेवला आणि दगडावर पाणी ओतलं. फिकट हिरवा, वाटोळा चंद्र होता. कडेची काळी रेघ सगळीकडून जुळली होती.

पाकसिंग भिंगातून बघत राहिला. "अजून एकच हात फिरव ना," तो हळूच म्हणाला.

"मघाशी थांब म्हणत होतास. आता थांबले."

त्याने दगड उपडा केला, छिन्नी घेतली आणि स्वतःच्या नावाशेजारी तिचं नाव कोरलं. ओइलानने त्यावरून बोट फिरवलं.

"तुझ्या नावापेक्षा उथळ आहे. पुन्हा कोर."

त्याने पुन्हा छिन्नी उचलली.