बॅज रस पीत नाही

राजवर्धनला मागं सरायला कुणी शिकवलंच नव्हतं. गडी तालमीत वाढलेला, आणि तिथं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, खुराक. खांदा भरला, दूध वाढव. कुस्ती गेली, बदाम वाढव. पुढं गुडघ्यानं दगा दिला आणि पैलवान शिरोलीच्या एका फौंड्रीत लागला. काम काय, तर ओतलेल्या लोखंडी भागांत कुठं पोकळी राहिली का, ते गॅमा किरणांनी फोटो काढून बघायचं. लांब उभं राहून हँडल फिरवायचं, किरणांचा मणी डब्यातून बाहेर सोडायचा आणि भिंतीआड जाऊन थांबायचं. आयुष्यभर अंगावर जाणाऱ्या माणसाला पळायची नोकरी देणाऱ्याला काय म्हणावं!

वर्षाराणीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, पहिलं बाळ पोटातच गेलं. डॉक्टरांनी समजावलं, असं होतं, यात कुणाचा दोष नसतो. पण याच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. आपल्या कामानं तर झालं नसेल? भरल्या ताटावरून उठायचा, गाडी काढायचा, कुठंतरी भटकून परत यायचा. झोपेतही कूस बदलत राहायचा.

अशात मोबाइलवर एक व्हिडिओ आला. आवळ्यातली द्रव्यं म्हणे किरणांपासून पेशीतल्या डीएनएला वाचवतात. झालं! हा तर खुराकच की. आईनं, तानाबाईनं, राधानगरीहून आवळ्यांचं पोतं धाडलं. वर्षाराणी रोज सकाळी आवळे किसून पिळायची. तिची बोटं काळी पडली, धुतली तरी निघेनात. हा पेला एका दमात रिकामा करायचा, मांडीवर थाप मारायचा आणि कामाला निघायचा.

आणि तिथं काय करायचा? हँडलची लांब केबल पुरती पसरायचा कंटाळा. भिंत राहिली बाजूला, हा जवळच्याच लोखंडाच्या ढिगाआड उभा. हातातलं किरण मोजायचं मीटर कोकलत असायचं आणि पैलवान निवांत. अंगात रस होता ना!

वर्षाराणीला पुन्हा दिवस गेले. रसाचा गुण म्हणून त्यानं पेढे वाटले.

छातीवर लावायचा बॅज दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. अंगावर किती किरण आले, ते त्यावरून कळतं. या वेळी सुरक्षा अधिकारी उदयसिंहांनी त्याला बोलावून घेतलं.

"मर्यादेच्या आत हाय, पर आकडा लई वाढलाय. कसं काय?"

"वाढंल कसा, सायेब? रोज आवळ्याचा रस पितोय की!"

उदयसिंहांना हसावं की रडावं कळेना. "आरं, बॅज रस पितोय व्हय? अंगावर येतंय तेवढं त्यो दावतोय. आवळ्याच्या तपासण्या चालल्यात, उंदरांवर, पेशींवर. गुण असंलबी. पर रस पिऊन किरणांम्होरं उभा ऱ्हा, असं कुणी सांगितलं तुला?"

राजवर्धननं बोटांवर महिने मोजले. बाळ राहिलं ते याच तीन महिन्यांत. "पोराला काय..."

"एवढ्यानं भ्यायचं कारण न्हाय. डॉक्टरला इचार. पर आता मागं सर."

तो घरी आला तेव्हा वर्षाराणी आवळेच किसत होती. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ढिगाआड उभं राहण्यासकट. तिनं किसणी खाली ठेवली. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, ती भडकली.

"म्हंजे मी तुमचा जीव वाचावा म्हनून रस काढायचा, आन् तुमी त्यो पिऊन जवळ जायचं?" भांड्यातला रस तिनं मोरीत ओतला. "उद्यापास्नं बंद. तसंच जावा. जरा भ्या वाटू दे."

दुसऱ्या दिवशी तो रस न पिताच गेला. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली. त्यानं केबल टोकापर्यंत पसरली, हँडल फिरवलं आणि भिंतीआड गेला. मीटर गप्प झालं. याला मात्र ढिगाआडच्या त्या सगळ्या दुपारी आठवल्या आणि स्वतःचाच संताप आला.

मीटर गप्प असतानाही, पाठ कंपाउंडला टेकेपर्यंत तो मागं सरत राहिला.