सातवी ‘ब’चा मागचा बाक

माझा मोठा मुलगा सातवीत होता, त्या वर्षी शाळेचा शिपाई दर थोड्या दिवसांनी आमच्या दारात यायचा. तो सायकल भिंतीला टेकवायचा आणि उंबऱ्यापाशी उभा राहायचा. मी शिलाई मशीनवर साड्यांना पिको करत असायचे. दारातला उजेड कमी झाला की मान वर न करताच कळायचं, आज पुन्हा काहीतरी झालंय.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही सिडकोत राहायचो. मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. आमच्या गल्लीतले बहुतेक पुरुष अंबडलाच, कुणी फर्स्ट शिफ्टला, कुणी नाइटला. त्यामुळे दिवसा कुठल्याही घरात डोकवावं तर आत कुणीतरी झोपलेलं असायचं. पोरांना रांगायला लागल्यापासून एकच सांगणं, हळू बोला, पप्पा नाइट करून आलेत. पोरं घरात दबून राहायची आणि शाळेत गेली की सुटायची.

शाळा पाचवी ते सातवीची, सकाळची. तिथे शिक्षक टिकत नव्हते. सातवी ‘ब’ला तर दिवाळीपर्यंतच दोन वर्गशिक्षक झाले. एका बाईंच्या लुनाची हवा रोज जायची. एका सरांना कोंडून बाहेरून कडी घातली होती. माझं पोर यात कुठे होतं ते मला कधी नीट कळलं नाही. तो म्हणायचा, “मी नव्हतो मम्मी.” मला ते खरं वाटायचं, आणि लगेच वाटायचं नाही.

दिवाळीनंतर नवे सर आले. तरुण होते, सटाण्याकडचे, बारीक आवाजाचे. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पालकसभा घेतली. एवढ्या मोठ्या वर्गाचे आम्ही मोजके पालक, तेही सगळ्या बायका. मोठ्या बाई बराच वेळ शिस्तीवर बोलल्या. मग सर उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, मी तुमच्याकडे तक्रार करणार नाही. तुम्ही फक्त वर्गात येऊन बसा. पाळी लावून घ्या. रोज एक पालक मागच्या बाकावर.”

कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, “आम्ही काय आता सातवी शिकायची?” पण माझं काम घरातलं होतं, साड्या दुपारी केल्या तरी चालायचं. मी म्हटलं, पहिल्या दिवशी मी येते.

पोराला घरी सांगितलं, तर तो ताटावरून उठला. “तू कशाला? दुसऱ्या कुणाच्या आया नाहीत का?”

दुसऱ्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. तो पुढून तिसऱ्या बाकावर होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पहिला तास बरा गेला. दुसरा गणिताचा. सर फळ्याकडे वळले आणि कुठूनतरी ‘हूंऽऽ’ असा आवाज सुरू झाला. तोंड मिटून, नाकातून. आधी एकच. मग दोन, मग चारी बाजूंनी. कुणाचे ओठ हलत नव्हते. सर वळले की बंद, पाठ केली की सुरू. त्यांनी दोन वेळा विचारलं, “कोण आहे?” आणि मग विचारायचं सोडून दिलं. ते तसेच लिहीत राहिले, अक्षर वाकडं होत गेलं.

मला बसवेना. तो पहिला आवाज मी ओळखला होता. जेवायला उशीर झाला की माझं पोर ओट्याशी येऊन अगदी तस्साच आवाज काढायचं.

मी उभी राहिले. माझ्याच तोंडातून निघालं, “सर, हे माझा मुलगा सुरू करतोय.”

तो आवाज एकदम थांबला. पोराने तेव्हा मागे वळून पाहिलं. त्याने दप्तरही घेतलं नाही. बाकावरून उठला आणि सरळ दाराबाहेर गेला.

सर म्हणाले, “ताई, तुम्ही जा त्याच्यामागे.”

मी फाटकापर्यंत पळाले, तोवर तो दिसेनासा झाला होता. घरी पाहिलं, कुलूप तसंच. क्रिकेटच्या मैदानावर नव्हता. त्याच्या मित्राच्या घरी नव्हता. मी गल्ल्यागल्ल्यांतून फिरत राहिले, कुणी विचारलं तर काय सांगायचं हेही कळेना. ऊन चढलं. मनात नको नको ते येत होतं. शेवटी एका भाजीवालीने सांगितलं, शाळेच्या ड्रेसमधला एक पोरगा अंबडच्या रस्त्याने चालत गेला.

तो कारखान्याच्या गेटसमोर, चहाच्या टपरीमागे सापडला. वॉचमनने त्याला पाणी दिलं होतं. मी जवळ बसले तर तो सरकून लांब बसला. यांची फर्स्ट शिफ्ट सुटेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

मिस्टर बाहेर आले. आम्हा दोघांना बघून त्यांच्या हातातला डबाच पडला. “काय झालं? घरी कुणाला काय झालं का?”

पोरगा म्हणाला, “पप्पा, मम्मीला शाळेत पाठवू नका.”

मी झालं ते सांगितलं. मला वाटलं, आता इथे रस्त्यावर मारतात की काय. हे मूळचे वणीकडचे, राग आला की बोली गावची व्हायची. पण आवाज चढला नाही. पोराकडे बघत म्हणाले, “बरं. तिला नाय पाठवत. सोमवारपासून मला नाइट हाय. सुटलो की मीच येतो.”

“तुम्ही?” पोरगा म्हणाला. शाळेत नाव घातल्यापासून हे तिथे फिरकले नव्हते.

सोमवारी नाइटला गेले, ते मंगळवारी सकाळी परस्पर शाळेत. मी घरी येरझारा घालत होते. शेवटी राहवलं नाही. शाळेत गेले आणि व्हरांड्यात, खिडकीच्या कडेला उभी राहिले.

हे कारखान्याच्या कपड्यांत मागच्या बाकावर बसले होते. गुडघे बाकात मावत नव्हते. पहिल्या तासाला डोळे ताणून फळ्याकडे बघत होते. दुसऱ्या तासाला मान खाली गेली आणि घोरायला लागले.

वर्ग हसला. माझ्या पोराने उठून शेजारच्याच्या पाठीत दणका घातला. तोही उठला. आता जुंपणार, असं वाटून मी दाराकडे निघाले. तेवढ्यात सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाले, “नाइट करून आलेत. झोपू द्या.”

पोरं खाली बसली. सरांनी गणित कुजबुजत सांगायला घेतलं. एका मुलीने उत्तरही कुजबुजत दिलं. कुणाच्या तरी कंपासपेटीचं झाकण वाजलं, तर चार जणांनी त्याच्याकडे डोळे वटारले. तास संपेपर्यंत वर्गात फक्त यांचं घोरणं ऐकू येत होतं. घंटा झाली तेव्हा पोरगा मागे आला आणि त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, “पप्पा, चला. घरी झोपा.”

सगळं सुरळीत झालं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी फळ्याला तेल फासलं. पालकांच्या पाळ्या मात्र काही दिवस चालल्या. नाइटवाले तीन-चार बापही येऊन बसले. जानेवारीत कारखान्यांत ओव्हरटाइम निघाला आणि बाक रिकामा राहायला लागला. सर वर्ष संपेपर्यंत थांबले. त्या वर्गाला एवढं थांबलेले ते पहिलेच. मग त्यांना गावाजवळ नोकरी मिळाली.

पोरगा सातवी कसाबसा पास झाला. माझ्याशी बोलायला लागायला त्याला उन्हाळ्याची सुट्टी उजाडली. तोवर मला घरात चैन नसायचं. तो हसला तरी वाटायचं, मनात काय आहे? पुढे नववीत एकदा नापास झाला, मग आयटीआय केलं, फिटर झाला.

नोकरी लागल्यावर एकदा जेवताना मी त्याला विचारलं, “मी त्या दिवशी वर्गात उभी राहिले, त्याचा राग आहे का रे अजून?”

तो म्हणाला, “पप्पा घोरले होते ते आठवतं. तू काय बोलली, ते नाही आठवत.”

मला ते खरं वाटलं नाही. त्याने आणखी भात मागितला, मी वाढला.