हळू माणूस

मंगळवार पेठेतल्या एका दवाखान्यात एक्स-रेच्या खिडकीमागे एक काका बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. पेशंटचा फोटो उघडायला क्लिक केलं की तो उघडेपर्यंत ते माऊसवरचा हात काढून मांडीखाली दाबून ठेवायचे. चुकून पुन्हा क्लिक झालं तर सगळं पहिल्यापासून. खिडकीबाहेर लोक ओरडायचे. डॉक्टर म्हणायचे, "म्हातारा झालाय तो."

सॉफ्टवेअर मी लिहिलेलं. तक्रार आली म्हणून एकदा गेलो, तर काका म्हणाले, "पावणं, तुमच्या मशीनवर फाईल तिथंच असती. माझी वरच्या मजल्यावरनं येती. कधी हितं बसून बघितलासा काय?"

नव्हतं बघितलं. त्यांच्या खुर्चीत बसल्यावर कळलं. माझा प्रोग्राम वरच्या मजल्यावर फोटो साठवणाऱ्या सर्व्हरकडून फाईल चिमूट-चिमूट मागत होता, एका फोटोसाठी हजारो खेपा. एका खेपेत मोठा तुकडा आणायला लावायचा, एवढंच. चार ओळींचं काम, पण मला सवड महिन्यानं झाली.

ते बसवलं त्या दिवशी खुर्चीत नवीन बाई होत्या. फोटो क्षणात उघडला.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "माणूस बदलला की काम कसं पळतं."

मीही मान डोलावली.