वरातीतली चाळीस पावलं

चार बँडवाले जमले की किश्श्यांना तोटा नसतो. पण ‘यवतमाळचं अस्सल संगीत’ रेकॉर्ड करायला पुण्याहून आलेल्या सरांचे किस्से निघाले, की माझं डोकंच फिरतं! मी बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो. क्लॅरिनेटवाले रहीमचाचा आमचे मास्तर.

सरांनी पहिल्याच दिवशी आमचे लाल कोट उतरवायला लावले. “धोतर-फेटा नाही का? तेच खरं इथलं!”

चाचा म्हणाले, “साहेब, धोतर तं माह्या आज्यानंबी नाही घातलं!”

*

मग सरांना दुःखी चाल हवी झाली. कापसापायी मेलेल्यांच्या बातम्या तेव्हा रोज पेपरात. “इथं एवढं घडतंय आणि तुम्ही नाचायची गाणी वाजवता?”

“लोक लग्नालेच बलावते आमाले. नवरदेवाले रडवू काय?” चाचा म्हणाले.

सरांनी वहीत लिहिलं, ‘परंपरा लोप पावत आहे.’ अख्ख्या सीझनच्या सुपाऱ्या घेऊन बसलेल्या माणसासमोर!

*

एकदा सरांनी विचारलं, “चाचा, तुम्ही मूळचे कुठले?” आजोबा बुऱ्हाणपूरहून इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आले होते, हे चाचांनी इमानदारीनं सांगितलं.

“म्हणजे तुम्हीही बाहेरचेच की!”

“हो ना. पन आज्या आल्यावर आधी आयकत बसला, साहेब. वाजवलं मागून.”

*

शेवटी सरांनी बाभुळगावकडच्या एका गावात खरीखुरी वरात रेकॉर्ड केली. आमचा कायदा असा, की वर्षभरात ज्या घरी मयत झाली, त्या दारापुढं बँड वाजत नाही. चाचा हात वर करतात, सगळे मुक्यानं चालतात. चाल मात्र मनात चालू असते. घर मागं पडलं, की ती जिथं पोचली असेल तिथून उचलायची. त्या वर्षांत अशी घरं फार झाली होती. या गल्लीत मधोमध शांताबाईंचं होतं, नवरा जाऊन तीन महिने झालेले. आम्ही चाळीस पावलं गप्प चाललो.

सरांची सीडी त्या गावी आली. गावकऱ्यांनी देवळापाशी स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवली. आम्हालाही बोलावलं होतं, वाद्यांसकट. ऐकतो तर काय, देवळापासून नवरदेवाच्या दारापर्यंत बँड सलग वाजतोय!

चाचांनी तिथूनच सरांना फोन लावला. “मध्ये गॅप होता, काढून टाकला,” सर म्हणाले. “आता कसं मस्त फ्लोमध्ये आहे!”

शांताबाई वरातीच्या दिवशी माहेरी गेल्या होत्या. त्या चाचांपुढं येऊन उभ्या राहिल्या. “चाचा, माह्या दारापुढून वाजवत गेलते तुमी?”

चाचांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं. भर दुपार, ना नवरदेव, ना वऱ्हाडी. वरात निघाली. शांताबाई पुढं जाऊन आपल्या दारात उभ्या राहिल्या.

त्यांचं घर आलं. चाचांनी हात वर केला.